विसाव्या दाताचा अर्ज

दातपरीचं एक रीतसर कार्यालय असावं, ही कल्पना सुचली तेव्हा हेडक्लार्कांना स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आता तिची आठवण निघाली की ते चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकानं पुसतात आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायला विसरतात. बायको म्हणते, "अहो, चष्मा." ते म्हणतात, "हो, हो." पण घालत नाहीत. काही गोष्टी अंधुक दिसलेल्याच बऱ्या, असा त्यांचा हिशेब असावा.

सगळे घोटाळे सुरू होतात तितक्याच साधेपणानं हाही सुरू झाला. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा पहिला दात पडला. मुलीला घरीदारी सगळे ठकी म्हणत. दात पडला त्या संध्याकाळी तिच्या आईनं तिला मांडीवर घेऊन एक ओळ जुळवली होती, "हल हल दाता, डोल डोल दाता, जाशील तिथं सांग नीट आमचा पत्ता," आणि दोघी हसत बसल्या होत्या. तेवढ्यात हेडक्लार्क नळजोडणी कार्यालयातून घरी आले आणि पाठोपाठ समोरच्या वहिनी सल्ला घेऊन आल्या. समोरच्या वहिनी रिकाम्या हातानं कधी येत नसत. वाटी नसली तर सल्ला असेच.

"उशीखाली ठेवा दात," वहिनी म्हणाल्या. "परी येते, दात नेते, नाणं ठेवते. आमच्या मुलांना तसंच करतो आम्ही."

"कुठल्या नियमाखाली?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"अहो, परी आहे ती. तिला कसला आलाय नियम?"

"म्हणजे अर्ज नाही, नोंद नाही, पोच नाही, आणि मोबदला मात्र सकाळी उशीखाली तयार! हे शिकवायचं पोरीला पहिल्याच दाताला? उद्या जगात गेल्यावर तिला कोण उशीखाली आणून ठेवणार आहे?"

"दात तिचा, तोंड तिचं," बायको म्हणाली, "तुम्ही कशाला चावताय?"

पण हेडक्लार्कांच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. गेली बावीस वर्षं ते लोकांना नळ देत होते. म्हणजे नळ द्यायचा की नाही हे कळवणारी पत्रं देत होते. जग कसं चालतं हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर उरलेल्या वीस मिनिटांत त्यांनी परीचं पहिलं पत्र लिहिलं.

"विषय: खालच्या जबड्यातील पुढील दात पडल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपला दात या कार्यालयास सुस्थितीत प्राप्त झाला. तो समुद्र विभागाकडे वर्ग करण्यात आला असून तेथे त्याचा शिंपला करण्यात येईल. शिंपला किनाऱ्यावर येण्यास अंदाजे चाळीस वर्षे लागतील. समुद्रास घाई करता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी."

"महोदया म्हणजे कोण?" ठकीनं विचारलं.

"तू."

मग ती संध्याकाळभर हनुवटी वर करून घरात फिरली आणि आईनं हाक मारली की म्हणायची, "महोदया येत आहे."

ठकीला मिळालेलं हे पहिलं पत्र, आणि हेडक्लार्कांनी मनापासून लिहिलेलंही पहिलंच. त्यांचा स्वभाव मुलाबाळांशी लाडेलाडे बोलण्याचा नव्हता. घरी आले की ते दमलेले असत. मुलगी समोर बसली की त्यांना वाटे, काहीतरी बोलावं, मग ते विचारत, "अभ्यास झाला?" ती म्हणे, "झाला." आणि संभाषण निकाली निघे. पत्र आलं की मात्र चित्र बदलायचं. फ्रीजवर ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला 'आवक पेटी' असं नाव मिळालं. दात पडला की ठकीनं अर्जासह त्यात टाकायचा. दोन दिवसांनी त्याच डब्यात परीचं उत्तर यायचं. ते ती ताटावरच मोठ्यानं वाचायची, आणि हेडक्लार्क घास हातात धरून ऐकायचे, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत.

प्रत्येक पत्राच्या शेवटी जगातली एक गोष्ट असे. नळ उघडल्यावर येतं ते पाणी डोंगराजवळच्या तळ्यातून निघून चार गावं चालत आलेलं असतं, असं तिसऱ्या दाताला कळवण्यात आलं. त्यानंतर ठकी नळ घट्ट बंद करताना त्याला थोपटायची आणि म्हणायची, "दमून आलंय." एका पत्राला पोचेपर्यंत किती हात लागतात, हे चौथ्या दाताला आलं. पाचवा दात सफरचंदाबरोबर पोटात गेला, तेव्हा तर पंचनामा झाला. "सदर दात गिळला गेल्याचे दोन प्रौढ साक्षीदारांनी प्रमाणित करावे." एक साक्षीदार आई, दुसऱ्या समोरच्या वहिनी. वहिनींनी सही केली खरी, पण जाताना म्हणाल्या, "लग्नातसुद्धा इतक्या सह्या केल्या नव्हत्या मी."

माणसाच्या तोंडात दुधाचे दात वीस असतात. हे हेडक्लार्कांना सहाव्या दातापर्यंत माहीत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी सहज सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक बारीकशी वजाबाकी सुरू झाली. राहिले चौदा. राहिले तेरा. वीस दात म्हणजे वीस पत्रं. त्यानंतर ताटावर काय बोलायचं? हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. विचारला असता तर बायकोनं सरळ उत्तर दिलं असतं, आणि सरळ उत्तरांची त्यांना सवय नव्हती.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण इमारतीत गोष्ट घरात राहत नाही. जिन्यातून खाली जाते आणि लिफ्टनं वर येते. ठकीनं शाळेच्या बसमध्ये आपलं 'महोदया' दाखवलं आणि आठवड्याभरात समोरच्या वहिनींचा धाकटा, तळमजल्यावरची चष्मेवाली मुलगी आणि इतर सात-आठ पोरं आपापले दात कागदात गुंडाळून दारात उभी राहिली. "आमचा पण अर्ज घ्या ना, काका. ठकीच्या डब्यात टाका."

"घ्या आता," बायको म्हणाली. "घरची परी गावाला जुंपली."

हेडक्लार्कांनी नाइलाज झाल्याचा चेहरा केला, पण आतून ते सुखावले. ते रोज जेवणाच्या सुट्टीत दोन-दोन पत्रं लिहू लागले. आणि हाताखाली कामाचा ढीग साठला की प्रत्येक कार्यालयात जे होतं तेच परीच्या कार्यालयातही झालं: त्रुटी निघू लागल्या. वहिनींच्या धाकट्याचा अर्ज साक्षीदाराच्या सहीअभावी परत गेला. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

"अहो, त्याचा दात आहे तो, झोपडपट्टीचं अतिक्रमण नाही!" वहिनी दारातच कडाडल्या. "सही नाही म्हणून दात परत? लावू कुठं तो आता? तुमच्या तोंडात?"

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. निवृत्तीनंतर त्यांना मारायला कुणी उरलं नव्हतं म्हणून ते कागद मारत, लाल शाईनं. त्यांनी आपण होऊन परीच्या कार्यालयाचे अपील अधिकारी व्हायचं ठरवलं. जिन्यात हेडक्लार्कांना अडवून ते म्हणाले, "तुमच्या परीनं चंद्रावर दात पाठवल्याचं वाचलं. विज्ञानाच्या दृष्टीनं गंभीर आहे. शिवाय समासही सोडलेला नाही."

"परी आहे हो ती, सर," हेडक्लार्क म्हणाले, आणि आपण नेमके वहिनींचे शब्द बोलतोय हे त्यांना जिना उतरल्यावर कळलं.

पण खरा घाव घातला तो तळमजल्यावरच्या चष्मेवालीनं. तिनं सगळ्या पोरांना बागेत गोळा करून परीचं पत्र उन्हात धरलं, उलटसुलट पाहिलं, आणि निकाल दिला: "ह्याच्यावर शिक्का नाही. शिक्का नाही म्हणजे खोटं."

ठकी धावत घरी आली. रडत नव्हती, पण खालचा ओठ आत ओढला होता, आणि हेडक्लार्कांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. "बाबा, परीकडे शिक्का नसतो का?"

"असतो," हेडक्लार्क म्हणाले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी इतकं झटकन उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सतराव्या दाताचं पत्र घेऊन ते आपल्याच कार्यालयातल्या बारनिशीच्या टेबलापाशी गेले. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद तिथं होते. बारनिशीच्या बाई त्या टेबलावर अठरा वर्षं होत्या, आणि साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी आवक क्रमांक घालून घेतली होती, अशी त्यांची ख्याती होती.

"बाई, यावर एक शिक्का मारा. नुसता. घरगुती आहे."

"जावक क्रमांकाशिवाय शिक्का नाही, भाऊसाहेब."

"अहो, मुलीच्या दाताचं पत्र आहे."

"असू दे. दाताला क्रमांक नको का?"

आणि बाईंनी वही ओढली, पट्टी ठेवली, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: 'विषय: दात क्र. १७.' क्रमांक दिला. गोल शिक्का मारला. शिक्क्यात कार्यालयाचं नाव होतं, खाली पत्ता होता. हेडक्लार्कांना क्षणभर वाटलं, हे बरोबर नाही. पण पत्र इतकं खरं दिसत होतं की त्यांना ते परत घेववेना.

बागेत चष्मेवालीनं शिक्का नखानं खरवडून पाहिला, शाई नखाला लागली, आणि ती म्हणाली, "खरं आहे." ठकी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली. अठरावा आणि एकोणिसावा दातही अशाच शिक्क्यानिशी मार्गी लागले. पुढं पुढं बाईच विचारू लागल्या, "मुलीचं काय म्हणतंय तोंड?"

आणि मग विसावा दात हलायला लागला. उजवीकडचा, वरचा, अगदी मागचा. ठकी तेव्हा अकरा पूर्ण करून बाराव्यात होती. कविता पाठ करताना जीभ तिकडे जायची, हिशेब करताना जायची, कुणाशी भांडताना मधेच थांबून जायची. जशी गावाला निघालेली बाई पुन्हा पुन्हा मागं वळून दाराचं कुलूप ओढून बघते. हेडक्लार्क ते पाहत. रोज विचारत, "हलतोय?" ती म्हणे, "थोडा." त्यांना बरं वाटे. थोडाच हलतोय. अजून वेळ आहे.

ठकीनं एक अर्ज लिहिला. तो तिनं फ्रीजवरच्या डब्यात टाकला नाही. पाकिटात घातला, सतराव्या पत्रावरच्या शिक्क्यातून पत्ता उतरवून घेतला, संदर्भात जावक क्रमांक लिहिला आणि शाळेतून येताना पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठवला. महत्त्वाचा अर्ज पोचपावतीसह पाठवावा, हे तिला चौदाव्या दातानं शिकवलं होतं.

अर्ज बारनिशीत आला. पाकिटांचा गठ्ठा फोडताना बाईंनी क्रमांक पाहिला, तो आपलाच होता. विषयात 'मुदतवाढ' हा शब्द पाहिला. नळजोडणीला कागदपत्रं द्यायला मुदतवाढ मागणारे अर्ज रोज पंचवीस-तीस येत, आणि त्यांना द्यायचं उत्तर छापील होतं. बाईंनी छापील उत्तराच्या दोन्ही प्रतींत नाव भरलं, कार्यालयाच्या प्रतीमागं मूळ अर्ज टाचला, आणि गठ्ठा हेडक्लार्कांच्या टेबलावर सहीला ठेवला.

सह्या करण्याची हेडक्लार्कांची एक पद्धत होती आणि नवीन कारकुनांना ती मुद्दाम दाखवली जाई. सगळे कागद जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचायचे, प्रत्येकाची फक्त खालची दोन बोटं पट्टी दिसेल असे. म्हणजे पान उलटावं लागत नाही. मग वरून खाली सह्या करत उतरायचं. दोन चहांच्या मध्ये साठ सह्या. त्या दिवशी त्यांनी त्या पायऱ्या जरा जास्तच झपाट्यानं उतरल्या, कारण संध्याकाळी लवकर घरी जायचं होतं. ठकीचा दात किती हलतोय ते पाहायचं होतं. ठकीचा अर्ज खालून सातव्या पायरीवर होता.

छापील उत्तर असं असे: "आपला मुदतवाढीचा अर्ज प्राप्त झाला. सदर विनंती विचारात घेता येत नाही. सात दिवसांच्या आत पूर्तता करावी. अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल." खाली सही.

पोस्टमननं ते पत्र ठकीच्याच हातात दिलं. तिनं कुणाला दाखवलं नाही. कॅलेंडरवर पेन्सिलीनं एक बारीक टिंब काढलं.

त्यानंतरचे सहा दिवस ती कडक पावाच्या कडा उजव्या बाजूनं चावत होती. आईला वाटलं, भूक वाढलीय. सातव्या दिवशी दुपारी आईला बेसिनमध्ये लाल थेंब दिसले, आणि बाथरूमच्या दाराच्या मुठीला बांधलेला शिवणाचा दोरा.

"ठके! ओढून काढलास? आपोआप पडला असता की. एवढी काय घाई होती?"

"मुदत होती," ठकी रुमाल तोंडात धरून म्हणाली.

आईला वाटलं, शाळेतलं काहीतरी असेल. हल्लीच्या शाळा कशाचीही मुदत देतात.

संध्याकाळी आवक पेटीत दात होता आणि चिठ्ठी होती: "आदेशानुसार दात जोडला आहे. पोच मिळावी." हेडक्लार्कांना त्या दोन ओळींचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ती चिठ्ठी वर नेऊन मुख्याध्यापकांना दाखवली. "बघा सर, बाराव्या वर्षी! एक शब्द फालतू नाही."

मुख्याध्यापकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आदेश कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"परीचाच, दुसरा कुणाचा!"

लाल पेन न उघडताच त्यांनी चिठ्ठी परत दिली. हेडक्लार्कांना तो आपला विजय वाटला.

शेवटच्या पत्रावर त्यांनी आठ दिवस मेहनत घेतली. चार मसुदे फाडले. समुद्र विभाग, पर्वत विभाग, चंद्र विभाग, सगळ्यांतर्फे आभार मानले. एकोणीस दातांचं काय काय झालं ते कळवलं. "आपण या कार्यालयाच्या सर्वांत प्रामाणिक अर्जदार होता," असं लिहिता लिहिता जेवणाची सुट्टी संपली आणि डबा तसाच परत गेला. ठकीनं पत्र ताटावर मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं. घडी घातली. म्हणाली, "छान आहे." आणि वरण मागितलं.

हेडक्लार्क दुखावले. चार मसुदे, आणि 'छान आहे'! ते आतल्या खोलीत जाऊन बायकोला म्हणाले, "मोठी झाली ती. तिला आता नको असणार हे."

"विचारलंत तिला?"

"न विचारता कळतं माणसाला."

"बाकीच्यांना," बायको म्हणाली.

पाच आठवडे असेच गेले. अभ्यास झाला? झाला. आणि मग कार्यालयाची वार्षिक तपासणी आली.

तपासणी अधिकारी शांत स्वभावाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते, म्हणून सगळे त्यांना जास्त घाबरत. साहेब बाजूला उभे, हेडक्लार्क त्यांच्या बाजूला, बारनिशीच्या बाई कपाटापाशी. अधिकाऱ्यांनी नामंजूर मुदतवाढींच्या गठ्ठ्यातून डोळे मिटून एक कागद ओढला. मागं टाचलेला मूळ अर्ज उलगडला. भुवई वर गेली.

"विषय: शेवटच्या दाताला मुदतवाढ मिळण्याबाबत," त्यांनी वाचलं.

कोपऱ्यातल्या टंकलेखकाला हसू फुटलं. मग दुसऱ्याला. साहेबांनी कपाळाला हात लावला. हेडक्लार्कांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या वर्षांची अब्रू एका दातावर आली होती. त्यांनी ते अक्षर लांबूनच ओळखलं होतं. अधिकारी मात्र त्याच हळू आवाजात पुढं वाचत राहिले.

"महोदय, माझा विसावा दात हलू लागला आहे. तो पडल्यावर आमच्या घरी येणारी पत्रे बंद होतील. पत्र आले की माझे बाबा जेवताना माझ्याकडे बघतात, आणि मी वाचत असताना त्यांचे ओठ हलतात. इतर दिवशी ते दमलेले असतात. तरी दात पडण्यास शक्य तेवढी मुदतवाढ द्यावी. देता येत नसल्यास, दात नसतानाही पत्रे येतील असा काही नियम असेल तर कळवावा. तसा नियम असेल तर मुदतवाढ नको. आपली विश्वासू."

टंकलेखकानं मशीनवर डोकं खाली घातलं होतं. कुणी हसत नव्हतं. बारनिशीच्या बाईंनी कपाटाकडे तोंड फिरवलं.

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. "विचारात घेता येत नाही. सात दिवसांच्या आत पूर्तता करावी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही सही कुणाची?"

"माझी," हेडक्लार्क म्हणाले.

"आणि हे बाबा कोण?"

"मीच, साहेब."

अधिकारी थोडा वेळ दोन्ही कागद शेजारी धरून बसले, जणू त्यांतला कुठला खरा ते ठरत नव्हतं. मग म्हणाले, "दात या कार्यालयाच्या कक्षेत येत नाहीत. शेरा मारावा लागेल." आणि जरा थांबून, अगदी हळू: "पूर्तता झाली का?"

"झाली," हेडक्लार्क म्हणाले. "मुदतीत."

साहेबांनी तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला. दुसऱ्यांचे खुलासे लिहून देण्यात हेडक्लार्कांचा हातखंडा होता. नळ चुकीच्या घरी गेला तरी ते खुलाशात तो बरोबर घरी आणत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कोरा कागद घेतला, 'विषय:' लिहिलं, आणि सुट्टी संपेपर्यंत तेवढंच लिहून झालं. शेवटी एक ओळ लिहिली: "सही केली तेव्हा वाचले नव्हते." खाली सही करताना त्यांनी ती ओळ तीनदा वाचली.

ते घरी आले तेव्हा ठकी जेवणाच्या टेबलावर भूगोलाचा नकाशा रंगवत होती. हेडक्लार्क समोरच्या खुर्चीवर बसले. पिशवीही खाली ठेवली नाही.

"ठकी, तुझा अर्ज वाचला."

निळा रंग समुद्रावर थांबला. "कधी?"

"आज."

"आज?" तिनं वर पाहिलं. "पण सही तर तेव्हाच केली होती."

"न वाचता केली."

तिनं समुद्राची उरलेली कड रंगवून पूर्ण केली. मग म्हणाली, "अकराव्या दाताच्या पत्रात होतं, सही म्हणजे काय ते. सही म्हणजे मी हे वाचलं, मला हे पटलं, आणि उद्या कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. मला वाटलं, तुम्हाला पटलं."

"अगं, पण डब्यात का नाही टाकलास? डब्यात टाकला असतास तर..."

"डब्यातल्या अर्जाला गमतीचं उत्तर येतं. समुद्र विभाग वगैरे." ती पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत होती. "मला खरं हवं होतं."

"म्हणजे परी कोण, हे तुला..."

"पाचव्या दातापासून. पंचनाम्याला शाईचा डाग होता. तसाच तुमच्या खिशाला पण होता."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर पत्रं थांबली असती ना."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आई ऐकत होती आणि येत नव्हती. हेडक्लार्क टेबलावर पुढं वाकले. "आहे तसा नियम," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "दात नसताना पत्रं येण्याचा. नसला तर मी करतो. आत्ता करतो. आणि मुदतवाढ, ती पण देतो. मागच्या तारखेनं देता येते, ठकी, मी लोकांना दिलीय."

ठकीला हसू आलं, पण मोठ्या माणसाला येतं तसं, समजूत घालणारं. "मागच्या तारखेनं कशी देणार, बाबा?"

तिनं आ केला. त्यांचं उजव्या हाताचं बोट धरलं, ज्या बोटावर पेन टेकून टेकून घट्टा पडला होता तेच, आणि आपल्या वरच्या हिरडीवर अगदी मागं नेऊन ठेवलं. हिरडी गरम होती. तिच्यातून काहीतरी बाहेर येत होतं. कडक, बारीक करवतीसारखं, नवं. हा आयुष्यभर राहणारा होता. किती दिवसांचा असेल? आठ? पंधरा? घरात एक दात आला होता आणि त्याची कुठंच नोंद नव्हती.

त्यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. ठकी त्यांच्याकडे बघत होती, वाट पाहत. तिच्या तोंडात त्यांचं बोट होतं म्हणून तिला बोलता येत नव्हतं. त्यांच्या तोंडात तर काहीच नव्हतं.